ग्रंथालयातलं सार्वजनिक वेब टर्मिनल: लिनक्सवर बंदिस्त मशीन कसं बसवायचं

सातबारा, पीकविमा, विद्यापीठाचा निकाल, स्पर्धा परीक्षेचं हॉल तिकीट. तालुक्याच्या ग्रंथालयातल्या एकुलत्या एक संगणकावर दिवसभर हीच कामं चालतात. अशा मशीनला कुलूप लावायचं म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ती सेटिंग बिघडवणारी, गेम शोधणारी लेकरं. त्यांचा बंदोबस्त सोपा आहे. अवघड प्रसंग निराळाच असतो. कुणी आधार क्रमांक टाकून, ओटीपी घेऊन लॉगिन केलं, बाहेरून हाक आली म्हणून तसाच उठून गेला, आणि पाच मिनिटांनी त्याच खुर्चीत दुसरा येऊन बसला. कुलूप हवं ते या दोघांच्या मध्ये. त्यामुळे खालच्या मांडणीत एकच हट्ट आहे: फुली मारा, वीज जाऊ द्या, ब्राउझर अडकू द्या की माणूस उठून जाऊ द्या, पुढच्याला कोरी पाटीच मिळाली पाहिजे.

थोडक्यात आखणी अशी. डेबियन १३ हे लिनक्स, डेस्कटॉपशिवाय. त्यावर केज नावाचा छोटा वेलँड कंपोझिटर (पडद्यावर खिडक्या मांडणारा प्रोग्राम), जो एका वेळी एकच प्रोग्राम पडदाभर दाखवतो. टास्कबार नाही, मेनू नाही, उजवं क्लिक करून काही हाती लागत नाही. केजमध्ये क्रोमियम ब्राउझर. हे सगळं 'वाचक' नावाच्या बिनअधिकाराच्या युजरखाली, आणि त्याचं घर म्हणजे होम फोल्डर डिस्कवर न ठेवता मेमरीत.

आज्ञा, फाइलींची नावं आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलवर ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका. क्रोमियमच्या पॉलिसी आणि सिस्टमडीच्या (लिनक्समधले प्रोग्राम उठवणाऱ्या, चालू ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) ओळी सोडल्या तर बहुतेक सगळं छोट्या लिपीत आहे.

मशीन आणि वीज

नवं मशीन घ्यायची गरज नाही. ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १२० जीबी एसएसडी पुरते. २ जीबी रॅमवर क्रोमियम चालतं, पण दोन सरकारी साईट एकदम उघडल्या की धापा टाकतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती बदलण्यावर पैसे घाला, प्रोसेसरवर नको.

आधी मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी बदला. जुन्या मशीनमध्ये ती हमखास मेलेली असते. मेन स्विच बंद झाला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि मग प्रत्येक साईट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून दार लावते, कारण त्या तारखेला साईटचं प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नसतं. दोन दिवस राउटर आणि केबल तपासत बसण्यापेक्षा चाळीस-पन्नास रुपयांची बॅटरी आधी टाकलेली बरी. सिस्टमडी-टाइमसिंकडी नेटवरून वेळ जुळवून घेतं, पण नेट येईपर्यंतचा वेळ बॅटरीच सांभाळते.

६०० व्हीएचा यूपीएस संगणक आणि मॉनिटरला पुरतो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही लावू नका. त्याचा हीटर गरम होताना एवढा करंट ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन बसतो आणि सोबत संगणकही जातो. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटवर. अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर पुढचं काम थांबवून आधी वायरमनला बोलवा.

बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, चार गोष्टी करायच्या. बायोसचा पासवर्ड. बूट फक्त एसएसडीवरून, यूएसबी आणि नेटवर्कचं बूट बंद. वीज परत आल्यावर काय करायचं त्या पर्यायात 'पॉवर ऑन', म्हणजे लाईट आली की मशीन आपोआप उठेल आणि ग्रंथपालांना उठावं लागणार नाही. आणि कॅबिनेट उघडलं तर बॅटरी काढून बायोसचा पासवर्ड पुसता येतो, म्हणून कॅबिनेटला कुलूप. लाकडी पेटीत बंद करणार असाल तर मागे-पुढे जाळी ठेवा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा बेचाळिसच्या वर जातो. बंद पेटीत प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो आणि लोक म्हणतात, लिनक्स स्लो आहे.

डेबियन बसवताना

नेटइन्स्ट प्रतिमा (बाकीचं नेटवरून उतरवणारी छोटी इन्स्टॉल फाइल) पेनड्राइव्हवर घेऊन बूट करा. कोणते संच हवेत हे विचारणाऱ्या पानावर डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा. फक्त 'एसएसएच सर्व्हर' (दुसऱ्या मशीनवरून देखभाल करायला) आणि 'स्टँडर्ड सिस्टम युटिलिटीज' ठेवा. स्वॅप विभाग करू नका. स्वॅपमध्ये मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरतो, आणि आपल्याला तर डिस्कवर लोकांचं काहीच नको आहे. त्याऐवजी नंतर झेडरॅम-टूल्स टाका. ते मेमरीतच दाबून जागा करतं.

इन्स्टॉलर जो युजर मागतो तो तुमचा, देखभालीचा. 'वाचक' नंतर ॲडयुजरने बनवा, त्याला सुडो (प्रशासकाचे अधिकार) किंवा एलपीॲडमिन (प्रिंटरच्या सेटिंगचे अधिकार) गटात घालू नका, पासडब्ल्यूडी -एल वाचक अशी आज्ञा देऊन त्याचा पासवर्ड कुलूपबंद करा आणि शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) म्हणून /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन द्या. सर्व्हिसमधून प्रोग्राम चालवायला लॉगिन शेल लागत नाही.

मग एपीटी या डेबियनच्या प्रोग्राम बसवणाऱ्या आज्ञेने हे बसवा: केज, क्रोमियम, क्रोमियम-एल१०एन, स्वेआयडल, फॉन्ट्स-नोटो-कोअर, फॉन्ट्स-लोहित-देवा, कप्स (छपाईसाठी), झेडरॅम-टूल्स, अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट), एनएफटेबल्स (फायरवॉल). फॉन्ट विसरलात तर मराठी साईट चौकटी-चौकटींची दिसेल. डेस्कटॉप नसलेल्या डेबियनमध्ये देवनागरी फॉन्ट आपोआप येत नाही.

घर मेमरीत

/ईटीसी/एफएसटॅबमध्ये एक ओळ: टीएमपीएफएस (मेमरीत राहणारी फाइल सिस्टम), माउंट करायची जागा /होम/वाचक, आणि पर्याय असे: साइज=५१२एम, मोड=०७००, युआयडी=१००१, जीआयडी=१००१, नोसुइड, नोडेव्ह, नोएक्झेक. शेवटच्या नोएक्झेकमुळे तिथे उतरवलेला कुठलाही प्रोग्राम थेट चालवता येत नाही. क्रोमियम स्वतः /यूएसआर मध्ये असल्याने त्याला फरक पडत नाही.

१००१ हा आकडा डोळे झाकून लिहू नका. 'आयडी वाचक' आज्ञेत जो आकडा दिसेल तोच लिहायचा. तो चुकला की घर भलत्याच्याच मालकीचं होतं, क्रोमियमला आत पाऊल ठेवता येत नाही, आणि पडद्यावर काळं-पांढरं काळं-पांढरं असा लपंडाव चालू राहतो.

सर्व्हिस

बरेच जण इथे ऑटोलॉगिन लावून बॅश प्रोफाइलमध्ये ब्राउझर चालू करायची ओळ घालतात. दिसायला तेच दिसतं. पण ब्राउझर कोसळला की त्या ओळीखाली शेल मोकळा पडलेला असतो, आणि खुर्चीतल्या माणसापुढे टाइप करायला तयार असा प्रॉम्प्ट. सिस्टमडीची सर्व्हिस केली तर मागे काहीच उरत नाही.

/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम मध्ये टर्मिनल.सर्व्हिस नावाची फाइल करा. युनिट भागात कॉन्फ्लिक्ट्स=गेटी@टीटीवाय१.सर्व्हिस, आफ्टर मध्ये तीच गेटी (पडद्यावर लॉगिन मागणारा प्रोग्राम) आणि सिस्टमडी-युजर-सेशन्स.सर्व्हिस, आणि स्टार्टलिमिटइंटर्व्हलसेक=०. ही शेवटची ओळ गाळू नका. ती नसेल तर सर्व्हिस दहा सेकंदांत पाच वेळा पडली की सिस्टमडी हात वर करतं, आणि कुणी येऊन हाताने उठवेपर्यंत पडदा काळा राहतो.

सर्व्हिस भागात:

युजर=वाचक
पॅमनेम=केज
टीटीवायपाथ=/डेव्ह/टीटीवाय१
टीटीवायरीसेट=येस
टीटीवायव्हीहँगअप=येस
स्टँडर्डइनपुट=टीटीवाय-फेल
प्रायव्हेटटेम्प=येस
एक्झेकस्टार्टप्री=/यूएसआर/बिन/फाइंड /होम/वाचक -मिनडेप्थ १ -डिलीट
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/बिन/केज -- /यूएसआर/लोकल/बिन/टर्मिनल
रीस्टार्ट=ऑलवेज
रीस्टार्टसेक=२

इन्स्टॉल भागात वाँटेडबाय=ग्राफिकल.टार्गेट.

पाटी पुसण्याचं काम करते ती एक्झेकस्टार्टप्रीची ओळ. सर्व्हिस दर वेळी उठताना घरातलं सगळं पुसते: कुकी, इतिहास, उतरवलेली पीडीएफ. ती 'वाचक'च्याच अधिकारात चालते, त्यामुळे टाइप करताना वाट चुकली तरी ती बाकी मशीनला धक्का लावू शकत नाही. हीच ओळ रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकारात चालवायचा मोह टाळा.

पॅमनेमसाठी (पॅम म्हणजे लॉगिनचे नियम सांभाळणारी यंत्रणा) /ईटीसी/पॅम.डी मध्ये केज नावाची चार ओळींची फाइल लागते: ऑथ, अकाउंट आणि सेशन या तिघांना पॅम_युनिक्स.एसओ रिक्वायर्ड, आणि सेशनला शिवाय पॅम_सिस्टमडी.एसओ रिक्वायर्ड. ही चौथी नसेल तर केज 'एक्सडीजी रनटाइम डिर सेट नाही' अशी तक्रार करून मरतं. ती पडद्यावर दिसणार नाही. जर्नलसीटीएल -यू टर्मिनल लावून वाचायची.

केजला -एस हा पर्याय देऊ नका. तो दिला की कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून दुसऱ्या टीटीवायवर, म्हणजे नुसत्या अक्षरी पडद्यावर, जाता येतं. न दिला की ते दार आपसूक बंद. तरी लॉगइंडी.कॉन्फ मध्ये एनऑटोव्हीटीज=० आणि रिझर्व्हव्हीटी=० करून ठेवा, म्हणजे दुसऱ्या टीटीवायवर लॉगिनचा प्रॉम्प्टच नसेल. त्याच फाइलीत हँडलपॉवरकी=रीबूट करा. ग्रंथपालांना एवढंच सांगायचं: काही अडकलं तर समोरचं बटण एकदा दाबा, धरून ठेवू नका.

ब्राउझर उठवणारी स्क्रिप्ट

/यूएसआर/लोकल/बिन/टर्मिनल ही रूटच्या मालकीची, ७५५ परवानगीची छोटी शेल स्क्रिप्ट. सुरुवातीची शेबँग (#! ने सुरू होणारी ओळ) सोडली तर दोनच ओळी.

पहिली: स्वेआयडल -डब्ल्यू टाइमआउट ३०० 'पीकिल -९ क्रोमियम' आणि शेवटी अँपरसँड (&).

दुसरी: एक्झेक क्रोमियम --ओझोन-प्लॅटफॉर्म=वेलँड --नो-फर्स्ट-रन --पासवर्ड-स्टोअर=बेसिक, आणि मुखपृष्ठाचा पत्ता.

पाच मिनिटं माउस-कीबोर्डला हात लागला नाही की स्वेआयडल क्रोमियमला मारतं. केजमधला मुख्य प्रोग्राम मेला की केज बंद होतं, सर्व्हिस दोन सेकंदांनी परत उठते, उठताना घर पुसते. कुणी स्वतः उजव्या कोपऱ्यातली फुली मारली तरी हाच रस्ता. ब्राउझर कोसळला तरी हाच. म्हणून वेगळं 'लॉगआउट' बटण बनवायची खटपट लागत नाही. पीकिलला -९ मुद्दाम दिलं आहे. हळुवार निरोप घ्यायला सांगितलं तर अडकलेला ब्राउझर ऐकत नाही, आणि ते प्रोफाइल तसंही फेकायचंच आहे.

तीनशे सेकंद का? दोन मिनिटं ठेवली तर पिशवीतून पासबुक शोधणाऱ्या आजोबांचा अर्धा भरलेला फॉर्म उडतो. ओटीपी यायलाही कधी कधी वेळ लागतो. दहा मिनिटं ठेवली तर तेवढ्यात दुसरा येऊन बसतो आणि माउस हलवतो, की मोजणी पुन्हा शून्यापासून. पाच हा मधला मार्ग आहे. मॉनिटरच्या कडेला मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: 'काम झालं की कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करा. पाच मिनिटं हात लागला नाही तर भरलेलं सगळं पुसलं जाईल.'

आता --कियॉस्क या फ्लॅगबद्दल. बहुतेक ठिकाणी तो लावायला सांगतात, आणि नुसता फलक दाखवायचा असेल तर तो ठीकही आहे. लोकांनी बसून काम करायच्या मशीनवर लावू नका. त्याने टॅबची पट्टी आणि फुली दोन्ही जातात. सरकारी साईट पावती, उतारा, कॅप्चा असं काहीही नव्या टॅबमध्ये उघडतात. तिथून मागे कसं यायचं हे माणसाला कळत नाही आणि तो ग्रंथपालांना हाका मारतो. केज तसंही खिडकी पडदाभर ठेवतं, बाहेर जायला वाटच नसते. मग पट्टी दिसली तर बिघडतं काय?

दुसरा फ्लॅग --नो-सँडबॉक्स. ब्राउझर रूटखाली चालवला तर तो त्याशिवाय उठत नाही, म्हणून तो लोकांच्या स्क्रिप्टमध्ये घुसला आहे. आपला ब्राउझर 'वाचक'खाली चालतो, त्याला याची गरज नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये हा फ्लॅग लागलाच असेल तर समजा, युजरच्या ओळीत चूक आहे.

मशीन उठलं पण केज उठलं नाही, आणि जर्नलमध्ये इनपुट उपकरण सापडत नसल्याची ओळ दिसली, तर कीबोर्ड आणि माउस दोन्ही निघालेले आहेत. (पावसाळ्यात उंदीर माउसची वायर आवडीने कुरतडतात, भाऊबंदकी असावी.) सर्व्हिसमध्ये एन्व्हायर्नमेंटच्या ओळीने डब्ल्यूएलआर_लिबइनपुट_नो_डिव्हायसेस=१ दिलं तर ते उपकरणांशिवायही उठतं. अगदी जुन्या ग्राफिक्सवर पडदा फाटका दिसला तर डब्ल्यूएलआर_रेंडरर=पिक्समन करून बघा.

मराठी टायपिंगही एन्व्हायर्नमेंटमधूनच: एक्सकेबी_डिफॉल्ट_लेआउट=यूएस,आयएन आणि एक्सकेबी_डिफॉल्ट_ऑप्शन्स=जीआरपी:ऑल्ट_शिफ्ट_टॉगल. ऑल्ट-शिफ्ट दाबलं की देवनागरी इनस्क्रिप्ट. इनस्क्रिप्टचा तक्ता छापून टेबलावर काचेखाली ठेवा.

पॉलिसी: कुठे जाता येईल, कुठे नाही

पॉलिसीची जेसन फाइल /ईटीसी/क्रोमियम/पॉलिसीज/मॅनेज्ड या फोल्डरात ठेवायची. गूगल क्रोमची जागा वेगळी आहे, /ईटीसी/ऑप्ट/क्रोम च्या आत. नेटवरून उतरवलेली फाइल चुकीच्या फोल्डरात पडली की ब्राउझर एक अक्षरही न बोलता मोकळा चालतो.

फाइल गुपचूप बाद होण्याचं दुसरं कारण व्हॉट्सॲप आणि वर्ड. तिथून चिकटवलेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात. जेसनला ती समजत नाहीत, आणि अख्खी फाइल रद्द होते. म्हणून जतन केल्यावर पायथन३ -एम जेसन.टूल आणि पुढे फाइलचं नाव अशी आज्ञा देऊन तपासा, आणि ब्राउझरमध्ये क्रोम://पॉलिसी उघडून प्रत्येक ओळीपुढे 'ओके' आहे का बघा. नावात एक अक्षर चुकलं असेल तर तिथे 'अनोळखी पॉलिसी' दिसेल.

सगळ्यात महत्त्वाची जोडी युआरएलब्लॉकलिस्ट आणि युआरएलअलाउलिस्ट. पहिलीत तारा, म्हणजे सगळं बंद. शिवाय फाइल://*, व्ह्यू-सोर्स:*, क्रोम://सेटिंग्ज आणि क्रोम://फ्लॅग्ज नावानिशी. दुसरीत जे उघडायचं ते. क्रोम:// ची सगळी पानं घाऊक बंद करू नका, प्रिंटची खिडकीही आतून तसंच एक पान आहे. प्रिंट अडलंच तर क्रोम://प्रिंट, आणि पॉलिसीचं पान अडलं तर क्रोम://पॉलिसी परवानगीत घाला.

परवानगीच्या यादीत महाभूमी.गव्ह.इन असं लिहिलं की त्याखालची भूलेखसारखी सगळी उपनावं आपोआप येतात. उपनावं नको असतील तर सुरुवातीला टिंब द्यायचं. मराठवाड्यात साधारण यादी अशी होते: महाभूमी, आपले सरकार, महाडीबीटी, पीकविम्याचं पीएमएफबीवाय.गव्ह.इन, पीएमकिसान.गव्ह.इन, राज्य लोकसेवा आयोग, दहावी-बारावीच्या मंडळाचं संकेतस्थळ, आणि जिल्ह्याप्रमाणे विद्यापीठ: संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवला बामू.एसी.इन; नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीला एसआरटीएमयूएन.एसी.इन.

यादी बनवताना साईटचं मुखपृष्ठ उघडलं म्हणजे झालं असं समजू नका. प्रत्येक काम पहिल्या क्लिकपासून प्रिंटपर्यंत स्वतः करून बघा. मध्येच लॉगिनसाठी साईट दुसऱ्याच पत्त्यावर नेते आणि 'ब्लॉक' असा शिक्का येतो. तो पत्ता टिपून यादीत घाला. चित्रं, फॉन्ट, स्क्रिप्ट कुठूनही आल्या तरी ही यादी त्यांना अडवत नाही, ती फक्त पान कुठे जातं ते बघते. म्हणून राउटरवर पत्ते अडवण्यापेक्षा हे बरं. राउटरवर अडवलं की साईट अर्धवट, लुळीपांगळी दिसते.

पैसे भरण्याच्या साईट यादीत घालू नका. दर बँकेचं पान वेगळं, यादी कधीच पुरी होत नाही. आणि दहा जण मागे उभे असताना सार्वजनिक मशीनवर कार्डाचा नंबर टाकायला लावणं हेच मुळात चूक. फी भरायची असेल त्याने आपल्या मोबाइलवर भरावी.

बाकीच्या पॉलिसी भराभर: डेव्हलपरटूल्सअव्हेलेबिलिटी २. इनकॉग्निटोमोडअव्हेलेबिलिटी १, म्हणजे बंद. पासवर्डमॅनेजरएनेबल्ड, ऑटोफिलॲड्रेसएनेबल्ड, ऑटोफिलक्रेडिटकार्डएनेबल्ड तिन्ही फॉल्स. ब्राउझरसाइनइन ०. एक्स्टेन्शनइन्स्टॉलब्लॉकलिस्टमध्ये तारा. न्यूटॅबपेजलोकेशनमध्ये आपलं मुखपृष्ठ. इनकॉग्निटो बंद का, असं हमखास विचारतात. खिडकी उघडी असेपर्यंत इनकॉग्निटोतलं लॉगिनही जिवंतच असतं. आपल्याला हवं ते खिडकी बंद करणं, आणि ते काम सर्व्हिस करते आहे.

फाइलींचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. अलाउफाइलसिलेक्शनडायलॉग्ज फॉल्स केलं की 'सेव्ह ॲज', 'ओपन' या खिडक्याच उघडत नाहीत, आणि डिस्कवर डोकावायची वाट संपते. पण मग कागदपत्रं अपलोडही करता येत नाहीत, म्हणजे शिष्यवृत्तीचा नवा अर्ज इथे भरता येणार नाही. हे स्वीकारा. अर्जाला स्कॅनर, पेनड्राइव्ह, फोटोचा आकार कमी करणं असा पसारा लागतोच. तो ग्रंथपालांच्या मशीनवर किंवा सेवा केंद्रावर होऊ द्या. इथे बघणं, स्थिती तपासणं आणि छापणं.

उतरवलेला उतारा छापायचा तर तो उघडला पाहिजे, आणि फाइल:// तर आपण बंद केलं. म्हणून डाउनलोडडिरेक्टरी /होम/वाचक/उतारे अशी ठरवा आणि अलाउलिस्टमध्ये फाइल:///होम/वाचक/उतारे एवढाच पत्ता घाला. मुखपृष्ठही एक साधी एचटीएमएल फाइल करून /एसआरव्ही मध्ये ठेवा: सहा-आठ ठळक बटणं, 'सातबारा', 'पीकविमा', 'निकाल'. पत्ता टाइप करायची वेळच येऊ नये. तिचाही पत्ता अलाउलिस्टमध्ये हवा; हे विसरलं की मशीन उठताच स्वतःच्याच मुखपृष्ठावर 'ब्लॉक' दाखवतं.

छपाई, आणि डिस्कवर राहून जाणारे उतारे

नवे प्रिंटर कप्स स्वतः ओळखतं. आपल्याकडे घरोघरी असलेला एचपी लेझरजेट १०२० मात्र हट्टी आहे. त्याच्या आत फर्मवेअर टिकत नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ते पाठवावं लागतं. एचपीलिप बसवा आणि एचपी-प्लगइन एकदा चालवा, नाहीतर काम रांगेत दिसतं आणि कागद हलत नाही.

त्यानंतर कप्सडी.कॉन्फ उघडा. कप्स छापलेल्या कामाची फाइल मुळात एक दिवस डिस्कवर ठेवतं, आणि कामांची नोंद त्याहूनही जास्त. म्हणजे घर मेमरीत ठेवण्याची एवढी उठाठेव केली तरी सगळ्यांचे उतारे आणि गुणपत्रकं /व्हार/स्पूल/कप्स मध्ये पडून. प्रिझर्व्हजॉबफाइल्स नो आणि प्रिझर्व्हजॉबहिस्टरी नो या दोन ओळी घाला, कप्स पुन्हा सुरू करा, एक पान छापून तो फोल्डर रूटने उघडून बघा.

बूटचं दार

मशीन चालू होताना ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) पानावर 'ई' दाबून कर्नलच्या ओळीत फेरफार केला की पासवर्डशिवाय रूट मिळतो. वरचं सगळं कुलूप तिथे फुकट. ग्रब-एमकेपासडब्ल्यूडी-पीबीकेडीएफ२ ने पासवर्डचा हॅश बनवा, /ईटीसी/ग्रब.डी/४०_कस्टम मध्ये सुपरयुजर्स आणि पासवर्डची ओळ घाला, ग्रब_टाइमआउट=० करा. आणि अपडेट-ग्रब देण्याआधी १०_लिनक्स फाइलीत क्लास या ओळीला --अनरिस्ट्रिक्टेड जोडा. हे राहिलं की बदल करायलाच काय, साधं चालू व्हायलाही मशीन पासवर्ड मागतं. रात्री लाईट जाऊन आली की सकाळी लोक रांगेत आणि पडद्यावर इंग्रजीत 'एंटर युजरनेम'. ग्रबचं अपडेट आल्यावर १०_लिनक्स मधला बदल टिकला आहे का तेही पाहा.

पेनड्राइव्ह अडवायला /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये एक फाइल: इन्स्टॉल यूएसबी-स्टोरेज /बिन/फॉल्स आणि तशीच दुसरी ओळ यूएएस या यूएसबी डिस्कच्या दुसऱ्या ड्रायव्हरसाठी. कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांना याचा त्रास नाही. कर्नल.सिसआरक्यू=० सिसकंट्रोलमध्ये, म्हणजे कीबोर्डवरून कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या कळा बंद. एसएसएच फक्त कीने, पासवर्डने नाही; एनएफटेबल्समध्ये आत येणारं एसएसएच ग्रंथपालांच्या मशीनच्या पत्त्यावरूनच, बाहेर जाणारं ८०, ४४३, डीएनएस आणि वेळ जुळवणारं १२३.

अनअटेंडेड-अपग्रेड्सची वेळ दुपारी ग्रंथालय बंद असतं तेव्हाची ठेवा, पहाटे तीनची नको. पहाटे मेन स्विच बंद असतो.

तपासणी

आठवीतला एक उद्योगी पोरगा अर्धा तास मशीनवर बसवा आणि बाहेर पड म्हणून सांगा. तो येईपर्यंत तुम्ही स्वतः हे करून बघा: एफ१२, कंट्रोल-यू, कंट्रोल-ओ, कंट्रोल-एस, प्रिंटच्या खिडकीतून 'सेव्ह ॲज पीडीएफ', पत्त्याच्या पट्टीत फाइल:///ईटीसी, कंट्रोल-ऑल्ट-एफ१ ते एफ६, आणि शिफ्ट-एस्केप दाबून येणारा टास्क मॅनेजर. मग एका साईटवर लॉगिन करून मागची मेन वायर खेचा. मशीन पुन्हा उठल्यावर लॉगिन नसलं पाहिजे, आणि 'पानं परत आणू का' असा प्रश्नही आला नाही पाहिजे. तो आला तर घर अजून डिस्कवरच आहे आणि पुसणारी ओळही चालत नाही, एफएसटॅब आणि सर्व्हिस दोन्ही तपासा.

पडद्याची दिशाही तपासणीतच धरा. छतावरचा कॅमेरा कीबोर्डवर रोखलेला नसावा. ओटीपी आणि पासवर्ड त्यात सरळ टिपले जातात. नोंदवही ठेवा: नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या केंद्रीय नियमांत अशा नोंदी किमान एक वर्ष जपायला सांगितलं आहे. आधार क्रमांक मात्र वहीत लिहून घेऊ नका.

सगळं जमलं की क्लोनझिलाने एसएसडीची हुबेहूब नक्कल दुसऱ्या १२० जीबीच्या एसएसडीवर करून ठेवा. पहिली गेली तर स्क्रूड्रायव्हर आणि वीस मिनिटं पुरतात. ती नक्कल, कॅबिनेटची दुसरी किल्ली, आणि बायोस, ग्रब व देखभालीच्या युजरचे पासवर्ड लिहिलेला कागद एका पाकिटात घालून लाखेने बंद करा, वर तारीख टाका आणि ग्रंथपालांच्या लोखंडी कपाटात ठेवा. अलाउलिस्ट बदलली की नक्कल नवी करायची आणि तारीखही.